चीज करणाऱ्यांना ठाऊक असलेली पेशी

जठररसाचा इतिहास सांगणारी पुस्तके बहुधा अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये सुरू होतात. रेओम्यूर या निसर्गशास्त्रज्ञाने १७५२ साली धातूच्या छोट्या नळ्यांत मांस भरले, नळ्यांची तोंडे जाळीने बंद केली आणि त्या आपल्या पाळीव घारीला गिळायला लावल्या. न पचणारी वस्तू ओकून टाकायची ही घारीची सवयच. नळ्या बाहेर आल्या तेव्हा आतले मांस बरेचसे विरघळलेले होते. नळीच्या आत मांस दळले जाणे शक्य नव्हते, तेव्हा ते रसानेच विरघळवले असणार. पुढे इटलीतल्या स्पालान्झानीने स्वतः कापडी पिशव्या गिळून माणसाच्या बाबतीतही तेच दाखवले. लंडनच्या विल्यम प्राउटने १८२४ मध्ये या रसातले आम्ल हायड्रोक्लोरिक असल्याचे प्रसिद्ध केले. ही परंपरा खरी आहे, तिच्यातला एकेक प्रयोग मोलाचा आहे. पण तिने एका धंद्याला कथेबाहेर ठेवले आहे. जठराच्या एका विशिष्ट पेशीचे काम रोज हाताळणारे, त्यावर पोट भरणारे आणि ते कधी नीट होते, कधी बिघडते याचे नेमके नियम बांधणारे लोक रेओम्यूरच्या आधी किमान दोन हजार वर्षे युरोपात होते. ते चीज करणारे गवळी. रेनेट, म्हणजे वासराच्या जठरातून काढलेले दूध साकळवणारे द्रव्य, त्यांनी जपले, वाळवले, विकले. त्यांचे नियम म्हणजे निव्वळ रूढी नव्हती. जठरातल्या ज्या पेशीला पुढे मुख्य पेशी हे नाव मिळाले तिच्या वागण्याविषयीचे ते खरे ज्ञान होते, आणि पुढे प्रयोगशाळेला प्रश्न, कच्चा माल आणि मोजमाप पुरवण्यात या धंद्याचा मोठा वाटा होता, असे मला वाटते.

आधी हे काम कसे चालते ते जवळून पाहू. आल्प्सच्या पायथ्याशी, फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवर, मोठी गोल चाके तयार करणाऱ्या चीजघरांत दूध पिणाऱ्या वासराच्या चार कप्प्यांच्या पोटातला फक्त चौथा कप्पा घेत. तो साफ करून, आत हवा भरून फुगवायचा, तोंड बांधायचे आणि आढ्याला टांगून वाळवायचा. वाळलेला कप्पा कागदासारखा पातळ होई. लागेल तेव्हा त्याच्या पट्ट्या कापून आंबट निवळीत भिजत घालायच्या. ही निवळी म्हणजे चीज काढल्यावर उरलेले, पुन्हा तापवून त्यातलाही साका काढून घेतलेले आणि मग आंबू दिलेले पाणी. भिजवण ऊबदार जागी रात्रभर किंवा दिवसभर ठेवायचे, गाळायचे आणि तांब्याच्या कढईतल्या सुमारे ३२ अंशांच्या दुधात घालायचे. अर्ध्या तासात दूध लगदाळ, सलग, सुरीने चिरता येईल असे होते. आपल्या घरी विरजणाने दही लागते ते वेगळ्या मार्गाने: तिथे जिवाणू साखरेचे आम्ल करतात आणि आम्लामुळे प्रथिने गोळा होतात. रेनेटमध्ये दूध गोडच राहते. त्यातले कायमोसिन हे विकर दुधातल्या कॅपा-केसिन या प्रथिनाच्या साखळीत १०५ व्या आणि १०६ व्या दुव्यांमधला एकच सांधा कापते. केसिनच्या कणांना एकमेकांपासून दूर ठेवणारा भाग त्यामुळे सुटून जातो आणि कण एकमेकांना चिकटून जाळे होते.

आता या कृतीतल्या प्रत्येक अटीकडे पाहावे. वासरू दूधपिते हवे, चारा खाणारे चालत नाही. कप्पा चौथाच हवा. ताज्यापेक्षा वाळवून काही काळ ठेवलेला बरा. भिजवण साध्या पाण्यात घालण्यापेक्षा आंबट निवळीत घातलेले बरे. यांतल्या काही अटी फार जुन्या आहेत. ॲरिस्टॉटलने प्राण्यांविषयीच्या ग्रंथात नोंदवले आहे की रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या पिलांत रेनेट सापडते, इतरांपैकी सशात सापडते, आणि ते जितके जुने तितके चांगले. त्याचे कारण मात्र त्याने चुकीचे दिले. जठराच्या उष्णतेने पक्व झालेल्या दुधात अग्नी उरतो आणि तोच दूध साकळवतो, अशी त्याची समजूत होती. नियम बरोबर आणि कारण चूक, ही जोडी या विषयात पुढे बावीसशे वर्षे टिकली.

नियम बरोबर का होते, ते पेशी पाहिल्यावर कळते. जठराचे अस्तर वरून गुळगुळीत दिसले तरी त्यात असंख्य सूक्ष्म खळगे आहेत आणि प्रत्येक खळग्याच्या तळाशी अरुंद नळीसारख्या ग्रंथी उघडतात. ग्रंथीच्या तोंडाजवळच्या पेशी श्लेष्मा सोडतात. तोच जठराला स्वतःच्या रसापासून वाचवतो. मधल्या भागात मोठ्या, फुगीर, भिंतीकडे सरकलेल्या भित्तीय पेशी असतात. त्या आम्ल सोडतात. रक्तातल्या हायड्रोजन आयनांच्या तुलनेत सुमारे दहा लाख पट दाट आम्ल बाहेर ढकलायचे हे जबर खर्चाचे काम आहे, म्हणूनच या पेशी ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांनी खच्चून भरलेल्या असतात. तळाशी मुख्य पेशी असतात, आणि विकर त्या तयार करतात. मात्र तयार विकर त्या साठवत नाहीत. साठवले तर पेशी स्वतःलाच पचवून टाकील. म्हणून विकराला एक अधिकची साखळी जोडून, त्याचे काम बंद ठेवून, ते दाण्यांच्या रूपात भरून ठेवलेले असते. डुकराच्या पेप्सिनोजेनमध्ये, म्हणजे पेप्सिन या विकराच्या अशा बंद रूपात, ही साखळी ४४ दुव्यांची आहे; वासराच्या प्रोकायमोसिनमध्ये, म्हणजे कायमोसिनच्या तशाच रूपात, ४२ दुव्यांची. आम्ल भेटले की ती साखळी तुटते आणि विकर जागे होते.

हे समजल्यावर आंबट निवळीचा नियम उलगडतो: ताज्या अस्तरातून साध्या पाण्यात जे उतरते त्यातले बरेचसे झोपलेले प्रोकायमोसिन असते, आणि आंबट निवळी त्याला जागे करते. जुने कप्पे बरे, कारण वाळताना आणि साठवणीत हे रूपांतर हळूहळू होत राहते. चौथाच कप्पा हवा, कारण गाईच्या पहिल्या तीन कप्प्यांत जठरग्रंथीच नाहीत. खरे जठर चौथे. आणि दूधपित्या वासराचा आग्रह तर पेशीच्या आयुष्यक्रमाशी जुळतो. दूध पिण्याच्या वयात मुख्य पेशी प्रामुख्याने प्रोकायमोसिन बनवतात. वासरू चारा खाऊ लागले की त्याच पेशी पेप्सिनोजेनकडे वळत जातात. पेप्सिन दूध साकळवते खरे, पण नंतरही प्रथिने जागोजाग कापत राहते; चीज कडवट होते आणि उताराही कमी पडतो. गवळ्याला पेशी दिसत नव्हती, पण ती कोणत्या वयात काय बनवते हे त्याला कळत होते, आणि चुकीचा कप्पा निवडला तर महिनाभराने फुकट गेलेल्या चाकांतून ते त्याला पुन्हा कळत होते.

यावर पहिला आक्षेप उघड आहे: हा पश्चात्‌बुद्धीचा खेळ आहे. शंभर समजुतींतून बरोबर ठरलेल्या चार निवडून त्यांना ज्ञान म्हणायचे, ही लबाडी नाही का? आक्षेपात तथ्य आहे. इंग्लंडच्या गवळणी रेनेटच्या खारवणात लवंगा, लिंबू आणि रानगुलाबाची पाने घालत. त्यांचा साकळण्याशी संबंध नव्हता. वासराच्या जठरात सापडलेला दुधाचा गोळा टाकून द्यावा की धुऊन परत आत भरावा, यावर तिथे पिढ्यान्‌पिढ्या वाद चालले. तरी या दोन गोष्टींकडे नीट पाहावे. मसाले वासासाठी आणि टिकण्यासाठी घातले जात. ते दूध साकळवतात असे कोणी फारसे म्हणत नव्हते. गोळ्याच्या वादात तर दोन्ही पक्षांचे काही अंशी बरोबर होते. त्या गोळ्यात ग्रंथीतून आधीच बाहेर पडलेले विकर असते, म्हणून तो ठेवणारे ताकद वाढवत होते; आणि तो सडतो, म्हणून टाकणारे माल वाचवत होते. ज्या नियमांवर हजार ठिकाणी, रोज, पैशाच्या नुकसानीसकट परीक्षा होते, त्यांतले निरुपयोगी नियम गळून पडायला वाव असतो. अशा परीक्षेतून उतरलेल्या नियमाला ज्ञान न म्हणण्यासाठी कारण सांगता येणे हीच एकमेव कसोटी मानावी लागेल, आणि ती मानली तर वैद्यकाचा निम्मा इतिहासही अज्ञानात जमा होईल.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. दूध साकळवायला जठर लागतेच असे नाही. होमरच्या महाकाव्यात अंजिराच्या चिकाने दूध साकळण्याचा उल्लेख येतो. रोमन शेतीलेखक कोलुमेल्ला कोकरू आणि करडाच्या रेनेटबरोबरच रानकाटेरीची फुले आणि करडईचे बी यांचीही नोंद करतो. सिंध, बलुचिस्तान आणि अफगाणिस्तानात पनीर डोडी या झुडपाची फळे हेच काम करत आली आहेत. मग जठराच्या ज्ञानाचा प्रश्न येतो कुठे? माझे उत्तर असे की हे पर्याय हाताशी असतानाही लांब मुरवायच्या मोठ्या चीजसाठी युरोपाने वासराचाच कप्पा निवडला. वनस्पतींची विकरे बहुधा बेछूट कापतात. ताज्या, मऊ चीजला ते चालते, वर्षभर मुरणाऱ्या चाकाला चालत नाही. पोर्तुगाल आणि स्पेनमधली काटेरी फुलांनी साकळलेली मेंढीच्या दुधाची चीज आजही आहेत आणि त्यांचा किंचित कडू स्वाद आवडीने खाल्ला जातो. म्हणजे तुलना झाली होती, चवीवर झाली होती, आणि तिचा निकाल विकराच्या नेमकेपणाशी जुळतो. आपल्याकडे मुंबई-सुरतच्या पारशी घरांतले टोपलीतले पनीर रेनेटने लावण्याची रीत आहे आणि ते लिंबाने फाडलेल्या पनीरपेक्षा वेगळेच, थरथरते, गोडसर लागते. त्यामागेही हाच फरक आहे.

मात्र या धंद्याच्या ज्ञानाची कड कुठे होती तेही सांगायला हवे. भित्तीय पेशीचा त्याला मागमूसही नव्हता. आम्ल त्याने निवळीतून आणले, म्हणून जठर स्वतः आम्ल करते हे विचारायची गरज त्याला पडली नाही. आणि विकर अस्तराच्या कोणत्या पेशीत आहे हा प्रश्न सूक्ष्मदर्शकाशिवाय सुटणारा नव्हता. इथे प्रयोगशाळेचे श्रेय निर्विवाद आहे. १८३४ मध्ये एबर्लेने जठराचे अस्तर आम्लात भिजवून काचेच्या भांड्यात अन्न पचवून दाखवले. १८३६ मध्ये बर्लिनला थेओडोर श्वानने त्यातल्या कार्यकारी द्रव्याला पेप्सिन हे नाव दिले. याच श्वानने १८३९ मध्ये प्राण्यांचे शरीर पेशींचे बनले आहे हा सिद्धान्त मांडला. तरी पेप्सिन कोणत्या पेशीतून येते, हे कळायला त्यानंतर तीस वर्षे जावी लागली.

ते कसे कळले ही या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट आहे. १८७० मध्ये ब्रेस्लाउला, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या व्रोत्स्वाफला, रुडोल्फ हायडेनहाइनने कुत्र्याच्या जठरग्रंथींत दोन जातींच्या पेशी वेगळ्या ओळखल्या आणि त्यांना मुख्य व भित्तीय अशा अर्थाची नावे दिली. उपाशी कुत्र्यात मुख्य पेशी मोठ्या दिसत. जेवणानंतर काही तासांनी त्या आक्रसत. पेशी काहीतरी भरून ठेवते आणि जेवणात ते खर्च करते, असा त्याचा अर्थ होता. पण दिसण्यावरून काम ठरवणे धोक्याचे, म्हणून निसर्गानेच जिथे दोन पेशी वेगळ्या ठेवल्या आहेत अशा जागा शोधल्या गेल्या. जठराच्या आतड्याकडच्या टोकाच्या ग्रंथींत भित्तीय पेशी जवळजवळ नसतात. ते टोक शस्त्रक्रियेने वेगळे केल्यावर त्यातून अल्कधर्मी पण पेप्सिनयुक्त रस मिळाला. बेडकात तर वाटणी आणखी स्पष्ट निघाली: अन्ननलिकेच्या ग्रंथी भरपूर पेप्सिन बनवतात आणि आम्ल जठरातून येते. एक अडचण उरली होती. क्लोद बेर्नारने पूर्वी प्राण्याच्या रक्तात दोन क्षार सोडले होते, ते आम्लात एकमेकांना भेटले की निळा रंग येतो. तो रंग जठराच्या पृष्ठभागावरच दिसला, खोल ग्रंथीत नाही. मग भित्तीय पेशी आम्ल करते असे कसे म्हणायचे? १८९३ मध्ये गोल्जीने या पेशींच्या आतून जाणाऱ्या बारीक वाहिन्यांचे जाळे दाखवले. पेशी आम्ल स्वतःच्या आत साठवत नाही, तयार होता होता बाहेर सोडते, या समजुतीला त्यामुळे आधार मिळाला.

आता प्रश्न येतो की या सगळ्यात चीजचा धंदा कुठे आहे. हायडेनहाइनच्या सूक्ष्मदर्शकाशी त्याचा संबंध नव्हता हे मान्य. पण विकर झोपलेल्या रूपात असते, हा पेशी समजून घेण्यातला कळीचा मुद्दा प्रथम कुठे दिसला? १८७२ मध्ये स्वीडनमधल्या उप्सालाला ओलोफ हामर्स्टेन वासराच्या जठराच्या अर्कावर काम करत होता. काही अर्क दूध साकळवत नाहीत, पण त्यांत थोडे आम्ल घालून ठेवले की साकळवू लागतात, हे त्याला आढळले. त्याच सुमारास त्याने रेनेटचे द्रव्य पेप्सिनपेक्षा वेगळे असल्याचेही दाखवले. पेप्सिनच्या झोपलेल्या रूपाविषयी एब्स्टाइन आणि ग्रुट्झ्नर यांनी १८७४ मध्ये लिहिले. केंब्रिजच्या लँग्ली आणि एडकिन्स यांनी १८८६ मध्ये अल्कली वापरून दोन रूपे स्वच्छ वेगळी काढली. म्हणजे आंबट निवळीच्या नियमात दडलेली गोष्ट प्रथम रेनेटवर काम करणाऱ्यालाच सापडली. मला हा योगायोग वाटत नाही. ज्या पदार्थाचे अर्क रोज निघत होते आणि रोज फसत होते, तिथेच फसण्याचे कारण शोधण्याची निकड होती.

ती निकड त्या दशकांत वाढलीही होती. १८५१ मध्ये न्यूयॉर्क राज्यात जेसी विल्यम्सने अनेक शेतकऱ्यांचे दूध एकत्र करून चीज करण्याचा कारखाना सुरू केला, आणि ही पद्धत झपाट्याने पसरली. घरच्या कढईत रेनेट कमी पडले तर एका घराचे नुकसान होई. कारखान्याच्या हौदात पडले तर साऱ्या गावाचे. बव्हेरियातली वाळवलेली जठरे अमेरिकेत नावाजलेली होती, पण दोन जठरांची ताकद सारखी कधीच नसे. या अडचणीतून कोपनहेगनच्या क्रिस्टियान हान्सेनने १८७४ मध्ये ठरावीक ताकदीचा रेनेट अर्क बाजारात आणला. १८७७ मध्ये सॉक्स्लेटने मोजमाप बांधून दिले: एक भाग रेनेट ३५ अंशांना ४० मिनिटांत किती भाग दूध साकळवते. विकर तोवर कोणी शुद्ध पाहिले नव्हते; पण त्याचे काम मोजता येते, हे तत्त्व बाजाराच्या गरजेने रुजवले.

पेप्सिनचा धंदा हा याच घराण्यातला, पण त्याची कथा इतकी निर्मळ नाही. १८५०च्या दशकात पॅरिसला ल्युसियाँ कोर्व्हिसारने अपचनावर पेप्सिनची भुकटी सुचवली. अमेरिकेत कत्तलखान्यांत डुकरांची जठरे ढिगाने पडत. लुइव्हिलच्या एमिल शेफरने १८७०च्या दशकात त्यांतून मिठाने पेप्सिन वेगळे काढण्याची रीत रूढ केली. पुढे पेप्सिन वाइनमध्ये आले, गोळ्यांत आले, च्युइंगमातही आले. रशियात पाव्हलव्हच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांचा शुद्ध जठररस बाटल्यांत भरून औषध म्हणून विकला जाई आणि त्या पैशावर प्रयोग चालत. यातले बरेचसे रुग्णाच्या उपयोगाचे नव्हते. पोट बिघडलेल्या बहुतेक लोकांच्या मुख्य पेशी आपले काम करतच असतात. आणि ज्यांच्यात आम्लच नसते, त्यांना नुसत्या पेप्सिनचा काय उपयोग? धंदा ज्ञान वाढवतो असे म्हणणाऱ्याने धंदा माणसांना फसवतो हेही मोकळेपणाने म्हटले पाहिजे. तरी त्याच बाजारामुळे अमेरिकेच्या औषधकोशाने १८९० मध्ये अट घातली की पेप्सिनने स्वतःच्या वजनाच्या ३,००० पट उकडलेला अंड्याचा पांढरा भाग पचवला पाहिजे. कारखाने एकमेकांवर मात करत पुढे गेले. जॉन नॉर्थ्रॉपने १९३० मध्ये पेप्सिनचे स्फटिक प्रसिद्ध केले आणि विकरे ही प्रथिनेच आहेत या वादग्रस्त मताला भक्कम आधार दिला, तेव्हा त्याने सुरुवात केली होती पार्क-डेव्हिस कंपनीच्या १:१०,००० ताकदीच्या बाजारी पेप्सिनपासून. या कामासाठी त्याला १९४६ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. डुकरांची जठरे सोलणाऱ्या कामगारांचे आणि अर्काची ताकद वाढवत नेणाऱ्या कारखान्याच्या रसायनज्ञांचे श्रम त्या स्फटिकांत आहेत, आणि पाठ्यपुस्तकांत ते एखाद्या वाक्याने तरी नोंदले जायला हवेत.

विसाव्या शतकात चीजचा खप वाढत गेला आणि वासरांची जठरे पुरेनाशी झाली. बुरशीपासून काढलेले विकर पुढे आले आणि भारतातल्या चीज उद्योगाने शाकाहारी ग्राहकासाठी तेच स्वीकारले. इथे शेवटचा आक्षेप उभा राहतो: जठर नसलेली बुरशी कॅपा-केसिनमधला तोच सांधा कापते, तर मुख्य पेशीचे एवढे कौतुक कशाला? कारण बुरशीचे विकर तो सांधा कापून थांबत नाही. सुरुवातीच्या प्रकारांत ते तापवल्यावरही टिकून राही आणि दीर्घ मुरवणीत कडवटपणा आणी. म्हणूनच वासराच्या पेशीतली कायमोसिनची जनुके जिवाणूत आणि बुरशीत घालण्याचा खटाटोप झाला. मार्च १९९० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फायझरचे असे कायमोसिन मान्य केले; जनुकबदल केलेल्या जीवापासून मिळवलेला अन्नातला हा तिथला पहिला घटक. आज जगातले बरेचसे चीज अशा कायमोसिनवर होते. पार्मिजानो रेज्जानोच्या नियमावलीत मात्र अजूनही वासराचे रेनेटच लागते.